समुद्रतळीचा इराणी गालिचा



कृमी हा शब्द कानी पडला की घरोघरी कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात कोणाचा दोष नाही. पाणथळ जागेचे गवत खाणाऱ्या गुराच्या यकृतात पानाच्या आकाराचा जंत निघतो, तो शेतकऱ्याच्या परिचयाचा असतो. डुकराचे मांस नीट शिजले नाही तर माणसाच्या आतड्यात फितीसारखा लांबच लांब कृमी वाढू शकतो, हेही आपण ऐकत आलो आहोत. पावसाळ्यात अंगणातील कुंडी उचलली की तिच्याखाली अर्धचंद्रासारखे डोके असलेला, चिकट व लांबट असा एक प्राणी क्वचित दृष्टीस पडतो. तोही याच गोतावळ्यातला. या सर्वांची शरीरे चपटी, म्हणून प्राणिशास्त्राने त्यांना एकाच संघात घातले आहे. ग्रंथांतून त्याला पृथुकृमी म्हणतात. आपण सोप्या बोलीत चपटकृमी म्हणू. या संघातील २०,००० हून अधिक जाती आज ठाऊक आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य जाती दुसऱ्याच्या शरीरात बिऱ्हाड करून त्याच्या जिवावर जगतात. अशा कुळाला चांगले नाव कोण देणार?

परंतु एका कुळात जन्मलेली सगळीच माणसे सारखी नसतात, तद्वत प्राण्यांचेही आहे. या बदनाम घराण्याची एक शाखा समुद्रात स्वतंत्रपणे राहते, कोणाच्या पोटात शिरत नाही, आणि तिच्या अंगावरचे रंग पाहून भल्याभल्या चित्रकारांनी थक्क व्हावे. उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांवर तिची वस्ती आहे. आजच्या लेखात तिची ओळख करून घ्यावयाची आहे; आणि एवढे सौंदर्य अंगी असूनही हा प्राणी संग्रहालयांच्या कपाटात सहसा पाहावयास का मिळत नाही, याही प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल एकच जात घेऊ. तिचे शास्त्रीय नाव स्यूडोबायसेरॉस बेडफोर्डी. १९०३ साली लेडलॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने तिचे प्रथम वर्णन केले. इंडोनेशिया, फिलिपाईन्स, मायक्रोनेशिया व ऑस्ट्रेलिया या प्रदेशांतील प्रवाळखडकांवर ती आढळते. पाण्यात बुडी मारणाऱ्या लोकांनी तिला 'इराणी गालिचा' असे नाव दिले आहे, आणि ते सार्थ आहे. गडद तपकिरी, जवळजवळ काळी अशी जमीन. तिच्यावर मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना गेलेले गुलाबी-नारिंगी आडवे पट्टे. आणि मधल्या जागेत जणू कोणी सुईने भरावेत असे असंख्य बारीक फिकट ठिपके. सणाच्या दिवशी वेदीवर अंथरलेले भरतकामाचे वस्त्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे थोडीफार कल्पना येईल. लांबी आठ-दहा सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या तळहाताएवढी. कडेला झालरीसारख्या चुण्या. पुढच्या टोकाला कडेचाच भाग दुमडून वर उचललेला असतो, त्यामुळे दोन शिंगे असल्याचा भास होतो. ती खरी शिंगे नव्हेत, हे शास्त्रज्ञांनी नावातच सांगून ठेवले आहे. त्यातील ग्रीक शब्दांचा अर्थ 'खोटे शिंग' असाच होतो.

या शाखेतील जातीजातींचे रंग निराळे. कोणी निळा असून त्याच्या पाठीवर मधोमध पांढरी रेघ. कोणी काळाकुळकुळीत आणि त्याला नारिंगी किनार. कोणी दुधासारखा पांढरा, तर कोणी जांभळा. पुष्कळ जाती पाठीवरच्या नक्षीवरूनच ओळखल्या जातात. या शाखेच्या ८०० हून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे आणि दरवर्षी तीत भर पडतच आहे.

आता या गालिच्याच्या आत काय आहे ते पाहू. किंबहुना काय नाही तेच आधी पाहिले पाहिजे. याला हाडे नाहीत, कवच नाही. फुफ्फुसे नाहीत आणि माशासारखे कल्लेही नाहीत. हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिन्या नाहीत. आपल्या शरीरात ज्या गोष्टींवाचून क्षणभरही चालत नाही, त्यांतील निम्म्याहून अधिक याच्याजवळ मुळातच नाहीत. मग हा जगतो कसा? याचे उत्तर त्याच्या चपटेपणात आहे.

स्वयंपाकघरातील एक साधे उदाहरण घेऊ. पिठाचा एक गोळा घ्या. त्याच्या मध्यावरचा कण बाहेरच्या हवेपासून बराच लांब असतो. तोच गोळा थापून त्याची पातळ भाकरी केली, तर पीठ तेवढेच राहते, पण त्यातील एकही कण पृष्ठभागापासून दूर राहत नाही. चपटकृमीचे शरीर असे थापलेले आहे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्याच्या त्वचेतून सरळ आत झिरपतो. झिरपण्याने मात्र फार लांबचा पल्ला गाठता येत नाही; मिलिमीटरभर अंतर कापतानाच प्राणवायू अपुरा पडू लागतो. म्हणून या प्राण्याला लांबी वाढविता येते, रुंदी वाढविता येते, परंतु जाडी वाढविता येत नाही. जाडी वाढली की आतल्या पेशी गुदमरल्याच म्हणून समजा. त्याचे पातळपण हेच त्याचे फुफ्फुस आणि तेच त्याचे हृदय होय.

प्राणवायूचे असे झाले, अन्नाचे काय? रक्त नसल्यामुळे पचलेले अन्न अवयवा-अवयवाला पोहोचवावयास वाहकच नाही. तेव्हा येथे आतडेच सर्वत्र पोहोचते. कुळागरात मुख्य पाटाला जसे लहान पाट फुटतात, आणि त्या लहान पाटांना आणखी लहान फाटे फुटून अखेर प्रत्येक पोफळीच्या मुळाशी पाणी येते, तशा या प्राण्याच्या आतड्याला शेकडो शाखा-उपशाखा फुटून त्या पार कडेपर्यंत जातात. म्हणूनच शास्त्रज्ञ या शाखेला 'पॉलिक्लॅड' म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पुष्कळ फांद्यांचा'. या पाटांना दुसऱ्या टोकाला वाट नाही. तोंडावाटे अन्न आत जाते आणि न पचलेला भाग त्याच तोंडातून बाहेर टाकला जातो. ते तोंडही डोक्याकडे नसून पोटाच्या खालच्या अंगाला असते. जेवावयाच्या वेळी त्यातून घशाचा एक चुण्यांचा पडदा बाहेर येतो आणि भक्ष्यावर पसरतो.

भक्ष्य कोणते? यांपैकी पुष्कळ जाती ॲसिडियन नावाच्या प्राण्यांवर जगतात. हे प्राणी लहान पिशवीसारखे असतात आणि खडकाला चिकटून, समुद्राचे पाणी गाळून आपले पोट भरतात. अनेक मिळून त्यांची वसाहत होते व ती खडकावर रंगीत सायीसारखी दिसते. आपला गालिचा त्या सायीवर जाऊन बसतो आणि एकेक पिशवी रिकामी करतो. जिवंत पोवळ्यांना त्याचा उपद्रव नाही.

त्याचे चालणे पाहणाऱ्याला तो चालत आहे असे वाटतच नाही; खडकावरून तेल ओघळावे तसा तो सरकतो. अंगाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे असंख्य तंतू असतात, आणि ते एका लयीत हलत राहून प्राण्याला पुढे नेतात. तो स्वतः चिकट द्रव सोडून आपली वाट निसरडी करून घेतो. कोणी धक्का दिला, तर काही जाती खडक सोडून पाण्यात उठतात. मग कडेच्या झालरीतून लाटांमागून लाटा जातात आणि दोरीवर वाळत घातलेले वस्त्र वाऱ्यावर फडफडावे तसा तो पोहत जातो. थोड्या अंतरावर पुन्हा खाली उतरून तो खडकाशी एकरूप होतो.

याला मेंदू आहे. लहानसा, दोन भागांचा, आणि शरीराच्या पुढच्या टोकाजवळ. मेंदूच्या वर बारीक काळ्या ठिपक्यांचा एक पुंजका दिसतो. ते डोळे. खोट्या शिंगांवरही असे ठिपके असतात. त्यांना आपल्यासारखे चित्र दिसत नाही. उजेड कोणीकडून येतो व सावली कोठे आहे एवढेच कळते. तेवढ्यावर त्याचे भागते. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, स्वतःच्या पाठीवरची ही अपूर्व नक्षी त्याला स्वतःला कधीच दिसत नाही.

मग हे रंग कोणासाठी? शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, ते माशांसाठी आहेत. कवच नाही, दात नाहीत, धावण्याचा वेग नाही, अशा मऊ प्राण्याला कोणत्याही माशाने एका घासात गिळावे. परंतु या कुळातील काहींच्या अंगात विष असते. जपानच्या किनाऱ्यावरील प्लानोसेरा नावाच्या चपटकृमीत, फुगू या विषारी माशात असते तेच जीवघेणे विष असल्याचे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. मायक्रोनेशियातील एका रंगीत जातीच्या शरीरात, तिने खाल्लेल्या ॲसिडियनमध्ये असणारी विषारी द्रव्ये सापडली. भक्ष्याचे विष पचवून ती जणू आपल्या संरक्षणासाठी साठवून ठेवते. तेव्हा भडक रंग म्हणजे दूरूनच दिलेली ताकीद. एकदा तोंड पोळलेला मासा ती नक्षी विसरत नाही.

आता ज्याच्याजवळ खरे शस्त्र आहे त्याची नक्कल करणारे जगात निघतातच. काळ्या अंगाची व नारिंगी किनारीची एका जातीच्या माशाची पिल्ले एका कुशीवर कलून, झालर हलवीत पोहतात. ती विषारी चपटकृमीचे सोंग घेतात असे अभ्यासक मानतात. उलट, १९९४ साली वर्णन केलेली एक चपटकृमीची जात स्वतःच दुसऱ्याची नक्कल करणारी निघाली. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात राहणारी ही जात तेथल्या एका विषारी समुद्री गोगलगायीसारखी पाठीवर उंचवटे घेऊन वावरते. तिचे शास्त्रीय नावही 'नक्कल करणारी' या अर्थाचेच ठेवण्यात आले आहे.

या प्राण्यांच्या संसाराबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. प्रत्येक चपटकृमी उभयलिंगी असतो, म्हणजे नर व मादी हे दोन्ही धर्म एकाच देहात असतात. त्यामुळे दोघांची गाठ पडली की अंडी वाढविण्याचा भार कोणी घ्यावा हा प्रश्न उभा राहतो, कारण अंडी तयार करावयास शरीराची पुष्कळ शक्ती खर्ची पडते. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांवर एका जातीचे निरीक्षण करून मिखिल्स व न्यूमन या दोन शास्त्रज्ञांनी १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त दिला. दोन्ही प्राणी अंगाचा पुढचा भाग उभारून समोरासमोर येतात, आणि पट्टेबाजांप्रमाणे वार करीत व चुकवीत, कधी कधी तासभर झुंजतात. ज्याला वार लागतो त्याच्या वाट्याला अंडी येतात, आणि शिवाय जखम भरून काढण्याचे कामही येते. सुदैवाने जखमा भरून काढण्यात हा प्राणी मोठा वाकबगार आहे. फाटलेली कडही थोड्या दिवसांत पुन्हा वाढते. मुक्या प्राण्यांच्या वर्तनातून माणसांनी आपल्या संसाराचे नियम काढू नयेत हे खरे; पण मातृत्वाचा भार किती मोठा आहे, याची साक्ष समुद्राच्या तळाशीही मिळते.

अंडी एका चिकट पापुद्र्यात, खडकावर थापल्यासारखी घातली जातात. त्यांतून निघणारे पिल्लू आईबापांसारखे दिसतच नाही. त्याला आठ लहान पाळ्या असतात व त्यांच्या कडांना हलणारे तंतू असतात. १८५० साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने असे पिल्लू वर्णिले, म्हणून आजही त्याला 'म्युलरचा डिंभ' म्हणतात. हा डिंभ उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत जातो. कोठे तरी खडक लाभला की तळाशी उतरतो, पाळ्या विरघळतात, अंग चपटे होते आणि नव्या गालिच्याचे विणकाम सुरू होते. प्रवाहाने त्याला खडकावर न नेता खोल समुद्रात नेले, तर त्याचा प्रवास तेथेच संपतो.

एवढे पाहिल्यावर आपण मूळ प्रश्नाकडे वळू. फुलपाखरे टाचणीला लावून शंभर वर्षे ठेवता येतात. शंख-शिंपल्यांना तर काळाचे भयच नाही. मासे व सर्प काचेच्या बरणीत राहतात. मग हा गालिचा का राहत नाही?

कारण त्याला जगविणारे पातळपणच त्याला टिकू देत नाही. बोटांनी उचलू गेले तर तो फाटतो. त्रास झाला की अंगातून चिकट द्रव सोडतो, आकसतो, आणि पाहता पाहता त्याच्या चिंधड्या होतात. मद्यार्कात टाकला तर गुंडाळून त्याची गोळी होते आणि रंग उडून जातो. उरतो तो एक करडा, सुरकुतलेला तुकडा, ज्यावरून तो कोण होता हे सांगणे कठीण. काचेच्या टाकीत जिवंत ठेवू म्हटले तर त्याचे ठराविक खाद्य तेथे मिळत नाही, आणि तो फार दिवस काढीत नाही.

जुन्या निसर्गशोधकांनी यासाठी थोडे कष्ट घेतले नाहीत. खुद्द चार्ल्स डार्विनने आपल्या सागरप्रवासात पाहिलेल्या जमिनीवरील व समुद्रातील चपटकृमींवर १८४४ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, एडवर्ड केलार्ट या लष्करी डॉक्टराने त्रिंकोमालीच्या समुद्रकाठी हे प्राणी गोळा केले. १८६० साली केलार्ट वारले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८७६ मध्ये, कॉलिंगवुड या इंग्रज डॉक्टराने केलार्ट यांचे व स्वतः पूर्वेकडील समुद्रात मिळविलेले मिळून ३१ जातींचे वर्णन लंडनमध्ये छापले. आपल्या अधिक जवळचे म्हणजे लक्षद्वीप व मालदीव. तेथे गार्डिनर यांनी १८९९-१९०० मध्ये नेलेल्या मोहिमेतील चपटकृमींचा अभ्यास वर उल्लेखिलेल्या लेडलॉ यांनीच १९०२ साली प्रसिद्ध केला. परंतु या जुन्या नोंदींतील पुष्कळ जातींचे नमुने रंगहीन झाले किंवा नाहीसेच झाले. मागे राहिली ती शब्दांतील वर्णने व कागदावरील चित्रे.

यातून मार्ग काढला तो १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील लेस्ली न्यूमन व लेस्टर कॅनन या दोन अभ्यासकांनी. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. प्रथम प्राणी जेथे असेल तेथेच त्याचे रंगीत छायाचित्र घ्यावयाचे. मग मऊ कुंचल्याने चुचकारून, त्याला आपणहोऊन एका गाळणकागदावर सरकू द्यावयाचे. तो पूर्ण पसरला की तो कागद अलगद उचलून, बर्फासारख्या गोठविलेल्या फॉर्मॅलिनवर ठेवावयाचा. आकसून घ्यावयास वेळ मिळण्यापूर्वीच तो आहे त्या स्थितीत स्थिर होतो. बळाने जे साधले नाही ते धीराने साधले. या रीतीने ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर शोध घेता, सापडलेल्या जातींतील फार मोठा भाग शास्त्राला सर्वस्वी अपरिचित होता असे दिसून आले. वर्षानुवर्षे विद्वानांच्या पायांखालच्या खडकावर त्या नांदत होत्या, पण त्यांना नाव नव्हते. तथापि या रीतीनेही मिळतो तो एक स्थिर झालेला नमुना. सरकणे, पोहणे, झुंजणे, पिल्लाचे रूप बदलणे हे सारे जिवंत प्राण्यातच पाहावयाचे, आणि जिवंत प्राणी आपले घर सोडून नांदत नाही.

भारतातही हे काम सुरू झाले आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे दीपक आपटे व त्यांचे सहकारी यांनी लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवरील चपटकृमींच्या नव्या नोंदी २०११ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. अंदमान-निकोबारमध्येही अशा नोंदी झाल्या आहेत. म्हणजे लेडलॉ यांनी उघडलेली वही शंभराहून अधिक वर्षांनी आपल्या माणसांच्या हाती आली. पण ती उघडली तेव्हा ज्या घराची ती वही, त्या घरालाच तडे जात होते.

ते कसे, हे नीट समजून घेऊ. प्रवाळखडक हा साधा दगड नव्हे. पोवळे नावाचे लहान प्राणी आपल्या शरीराभोवती चुनखडी साठवितात, आणि हजारो वर्षे पिढ्यांवर पिढ्या रचल्या जाऊन तो खडक उभा राहतो. पोवळ्याच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. त्याला घर मिळते, आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून पोवळ्याला त्यातील मोठा वाटा देते. दोघांचा हा शेजारधर्म पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून आहे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभराने जरी अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तरी पोवळे आपले शैवाल बाहेर टाकते. मग त्याचा रंग जातो आणि आतील पांढरी चुनखडी दिसू लागते. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर पोवळे सावरते. न निवले तर उपासमारीने मरते. पुढे लाटा त्या मेलेल्या खडकाचा चुरा करतात.

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० व २०१६ साली असे मोठे विरंजन झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा झाले. अगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांभोवती १९९८ पासून २०२२ पर्यंत संशोधकांनी जी मोजदाद ठेवली, तीत जिवंत पोवळ्यांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवरही १९९८ पासून २०२४ पर्यंत सात वेळा हे संकट आले, आणि त्यांतील पाच वेळा २०१६ पासूनच्या नऊ वर्षांतच. पूर्वी दोन उन्हाळ्यांमध्ये पोवळ्यांना सावरावयास पुष्कळ वर्षे मिळत. आता ती मिळेनाशी झाली आहेत. समुद्र तापण्याचे मुख्य कारण आता वादाचे राहिलेले नाही. कोळसा व खनिज तेल जाळून माणसाने हवेत सोडलेला वायू हेच ते कारण होय.

लक्षद्वीपच्या दहा बेटांवर माणसांची वस्ती आहे. ही बेटे कंकणद्वीपे आहेत, म्हणजे पोवळ्यांनीच रचलेल्या कड्याच्या आकाराच्या भित्तीवर ती उभी आहेत. समुद्राच्या लाटा त्या भित्तीवर फुटतात म्हणून आतील घरे, माड व गोड्या पाण्याच्या विहिरी सुरक्षित राहतात. तेव्हा प्रवाळखडक राहिला नाही तर काय जाईल, हे तेथील कोळ्याला समजावून सांगावे लागत नाही.

त्याबरोबर आपला गालिचाही धोक्यात येतो. तो पोवळे खात नाही हे खरे. पण त्याचे भक्ष्य, त्याची लपण्याची फट, अंडी घालण्याची जागा आणि वाहत्या पिल्लाने उतरावयाचा तळ, हे सारे त्या खडकावरच आहे. वाघ किंवा हत्ती यांच्यासारखा प्राणी जगातून गेला, तर निदान त्याचा सांगाडा राहतो, कातडे राहते, पुढील पिढीला दाखवावयास काही तरी उरते. या प्राण्याचे काहीही उरणार नाही. त्याला हाड नाही की कवच नाही. चिखलात त्याचा ठसाही क्वचितच उमटतो. ज्या जातींना अजून नाव नाही, त्या तर कोणाच्या वहीत न चढताच नाहीशा होतील, आणि त्या होत्या हेही कोणाला कळणार नाही. म्हणून याला राखावयाचे तर त्याच्या घरासकटच राखावे लागते.

आमचे पुष्कळसे वाचक समुद्रापासून दूरच्या गावी राहतात, आणि ते म्हणतील की याच्याशी आमचा काय संबंध? संबंध दोन प्रकारे आहे. एक तर जो वायू समुद्राला तापवितो, तो सर्व गावांच्या व शहरांच्या चुली, भट्ट्या आणि मोटारी मिळूनच सोडतात; त्याला बेळगाव व कवरत्ती हा भेद ठाऊक नाही. दुसरे असे की, गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ व मालवणच्या समुद्रात थोडी का होईना, पोवळी आहेत. आणि चपटकृमींच्या या शाखेतील साध्या रंगाच्या जाती जगभरच्या खडकाळ किनाऱ्यांवर, ओहोटीच्या वेळी, ओल्या दगडांखाली राहतात. सुट्टीत मुले समुद्रावर जातात. खडकातील डबक्यापाशी ती दगड उलटतात, आणि कुतूहल असणे चांगलेच. त्यांना एवढे मात्र शिकवावे की, दगड हळू उचलावा. खाली काही सरकताना दिसले तर बोट न लावता पाहावे. आणि पाहून झाल्यावर दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवावा. दगडाची ओली बाजू उन्हात उघडी पडली तर तिला चिकटून राहणारे जीव त्याच दुपारी मरतात.